तंबूबाहेर गेलेला माणूस

किनारपट्टीवर राहणाऱ्या आम्हा लोकांची थंडीशी ओळख तशी जुजबीच. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला मफलर गुंडाळून यावे आणि जानेवारीच्या पहाटे विहिरीच्या पाण्यावर तरंगणारी वाफ पाहावी, एवढीच आमची हिवाळ्याची पुंजी. तरीही, किंबहुना म्हणूनच, ध्रुवप्रदेशाच्या प्रवासकथा हाती पडल्या की त्या खाली ठेववत नाहीत. जेथे झाड नाही, घर नाही, पाखराचा आवाज नाही, महिनेच्या महिने सूर्यदेखील नाही, तेथे माणूस आपण होऊन का जातो, हा प्रश्न प्रत्येक पानागणिक मनात उभा राहतो.

कीर्तीसाठी, हे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. परंतु ते पुरेसेही नाही. इजिप्तच्या वाळवंटात गेलेले संत अंतोनी आणि दक्षिण ध्रुवाकडे निघालेला आरमारी अधिकारी यांची वाट एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि ओसाड जागेचे आकर्षण दोघांनाही होते. अशा जागी माणसाच्या अंगावरची सगळी उसनी वस्त्रे गळून पडतात. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांचे सहकारी डॉ. एडवर्ड विल्सन हे अत्यंत श्रद्धावान अँग्लिकन गृहस्थ होते. जहाजाच्या डोलकाठीवर टेहळणीसाठी बांधलेल्या टोपलीत चढून ते एकांतात प्रार्थना करीत. त्यांना बर्फाचे प्रदेश देवाच्या जवळचे वाटत. या ओढीला केवळ हौस म्हणणे आमच्या जिवावर येते.

पण ओढ जितकी निर्मळ, तितका धोका अधिक. जी गोष्ट वाईट दिसते तिच्यापासून माणूस सावध राहतो. जी उदात्त दिसते तिच्यासाठी तो स्वतःचाच नव्हे तर इतरांचाही जीव पणाला लावतो. या बाबतीत अर्नेस्ट शॅकल्टन यांचा एक निर्णय आम्हाला फार मोठा वाटतो. ९ जानेवारी १९०९ रोजी ते दक्षिण ध्रुवापासून ९७ सागरी मैलांवर पोहोचले होते. तोवर तेथपर्यंत कोणीच गेले नव्हते. पुढे गेलो तर ध्रुव मिळेल, पण तिघा सोबत्यांसह परत येणे होणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि पाठ फिरवली. परतीच्या वाटेवर अन्न संपत आले असता त्यांनी आपल्या वाट्याचे एक बिस्कीट फ्रँक वाइल्ड या आजारी सोबत्याला बळेच खायला लावले. ध्रुव जिंकणाऱ्यांच्या यादीत शॅकल्टन यांचे नाव नाही. मात्र चौघेही जिवंत परतले.

स्कॉट यांची कथा वेगळी. १७ जानेवारी १९१२ रोजी ते चार सोबत्यांसह ध्रुवावर पोहोचले, तेव्हा नॉर्वेचे रोआल्ड आमुंडसेन त्यांच्याआधी, १४ डिसेंबर १९११ रोजीच, तेथे पोहोचून गेलेले होते. शिधा आणि तंबू यांची सारी आखणी चौघांसाठी केलेली असताना स्कॉट यांनी ऐनवेळी पाचवा माणूस बरोबर घेतला होता. परतीच्या वाटेवर बियर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी १७ फेब्रुवारीला एडगर एव्हान्स गेला. पुढे मार्चमधली थंडी अपेक्षेपेक्षा कितीतरी कडक निघाली. वाटेत पुरून ठेवलेल्या डब्यांतले रॉकेल झाकणांच्या कातडी चकत्यांतून निसटून कमी झालेले आढळले. आणि रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळवून मिळणारे पाणीही नाही. अशा वेळी कॅप्टन लॉरेन्स ओट्स यांचे पाय हिमदंशाने निकामी होत गेले. बोअर युद्धात मांडीला गोळी लागलेला हा घोडदळातला अधिकारी. आपल्यामुळे सगळ्यांची चाल मंदावते आहे, हे त्यांना दिसत होते. मला झोपण्याच्या पिशवीतच सोडून पुढे जा, असे त्यांनी विनवून पाहिले. सोबत्यांनी ते मानले नाही. मग एका रात्री, सकाळी जाग येऊ नये अशी इच्छा धरून ते झोपले. जाग आली. बाहेर हिमवादळ घोंघावत होते. आपण जरा बाहेर जाऊन येतो, कदाचित वेळ लागेल, अशा अर्थाचे काही बोलून ते तंबूबाहेर पडले. तो दिवस बहुधा १७ मार्च, म्हणजे त्यांचा बत्तिसावा वाढदिवस. त्यांचा देह कधीच सापडला नाही. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते केवळ स्कॉट यांच्या दैनंदिनीतून, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

आता प्रश्न असा की, या कृत्याला काय म्हणावे? इंग्लंडने त्याला शूर सद्गृहस्थाचे मरण म्हटले. आमच्या सेमिनरीच्या वर्गात हीच गोष्ट निघाली असती, तर इतक्या सहजी सुटका झाली नसती. संत ऑगस्टीन यांनी 'देवनगरी' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात आत्महत्येचा निषेध केला आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला तीन कारणांची जोड दिली: ती स्वतःवरील नैसर्गिक प्रेमाविरुद्ध आहे, समाजाविरुद्ध आहे, आणि जीवनाचा दाता जो परमेश्वर त्याच्या अधिकाराविरुद्ध आहे. परंतु हेतू आणि परिणाम यांत भेद करण्यास शिकवणारेही तेच. जहाज फुटल्यावर दोघांच्या हाती एकच फळी लागते, हे उदाहरण तर ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेले. एकाने ती दुसऱ्यासाठी सोडली, तर तो बुडतो खरा; पण त्याने इच्छिले ते दुसऱ्याचे जगणे, आपले मरण नव्हे. कसोटी सोपी आहे. फळी सोडणाऱ्याला एखाद्या होडीने वर काढले, तर तो खट्टू होईल काय? नाही. म्हणजेच मरण हे त्याचे साध्य नव्हते.

हीच कसोटी ओट्स यांना लावून पाहू. त्या वादळात कुत्र्यांची गाडी येऊन त्यांना उचलून नेती, तर त्यांना आनंदच झाला असता, असे आम्हाला वाटते. पण आदल्या रात्रीची ती इच्छा? जाग येऊ नये असे वाटणाऱ्या माणसाच्या मनात मरणाची आस नव्हतीच, असे कोण म्हणेल? खरे पाहता हेतू मिश्र होता. वेदनांना कंटाळलेला एक जीव आणि सोबत्यांवर प्रेम करणारा एक जीव, दोघे एकाच पायाने तंबूबाहेर पडले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही तीव्र यातना व भय यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, असे मान्य केलेले आहे. न्यायनिवाडा आमच्या हाती नाही, हे बरेच आहे.

ही चर्चा आम्ही करतो ती अंटार्क्टिकासाठी नव्हे. आजाऱ्यांना कम्युनियन देण्यास घरोघर जाताना ओट्स यांचेच शब्द निराळ्या रूपात आमच्या कानी पडतात. "फादर, माझं आता ओझं झालंय पोरांना. देवाला सांगा, लवकर ने म्हणावं." एखादी आजी औषध उशीखाली लपवते, एखादे आजोबा जेवण नको म्हणतात, सून-मुलाचा पैसा वाचावा म्हणून. त्यांच्या मनातही प्रेम आणि थकवा असेच मिसळलेले असतात. तेव्हा ओट्स यांचा कित्ता तेथे गिरवता येईल काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. तंबूत खरोखर एकेका तासावर तिघांचे प्राण अवलंबून होते. घरातली अडचण मोठी असेल, कर्ज असेल, रात्रीची जागरणे असतील, पण ते हिमवादळ नव्हे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मागे सोडून जा, असे ओट्स म्हणाले तेव्हा बाकीच्यांनी नाही म्हटले होते. उपाशीपोटी, गोठलेल्या बोटांनी, एकेक मैल हातचा जात असताना ते नाही म्हणाले. त्यांचे हे नाही म्हणणे ओट्स यांच्या जाण्याइतकेच मोठे होते, असे आम्हाला वाटते. पण चित्रे काढली गेली ती बाहेर पडणाऱ्याची.

आणि त्या बलिदानाने कोणी वाचले नाही. उरलेल्या तिघांजवळ अफूच्या गोळ्या होत्या; स्कॉट यांनीच त्या विल्सन यांच्याकडून मागून वाटल्या होत्या. पण शेवट नैसर्गिकच होऊ द्यायचा, असे त्यांनी ठरवले. २९ मार्चनंतर दैनंदिनी थांबते. 'वन टन' हे अन्नाचे भांडार तेथून फक्त ११ मैलांवर होते. मूळ बेताप्रमाणे ते आणखी सुमारे ३० मैल दक्षिणेला व्हायचे होते. वर्षभरापूर्वी तट्टे थकली तेव्हा, ती मेली तरी चालतील पण भांडार पुढे न्या, असा आग्रह धरला होता तो ओट्स यांनीच. मुक्या जनावरांचे आणखी हाल स्कॉट यांना बघवेनात. त्यांनी नकार दिला. बेताप्रमाणे झाले असते तर ते भांडार त्यांना शेवटच्या तळाच्या आधीच लागले असते. दयेपोटी घेतलेल्या निर्णयाला दोष तरी कसा द्यावा?

नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला तो तंबू सापडला. घसरगाडीवर जवळजवळ १६ किलो दगड होते. मरणाच्या दारातही त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांत ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. जिभेच्या आकाराची ही पाने आमच्या महाराष्ट्रातही आहेत, नागपूरजवळ कामठीच्या खडकांत. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्या परिसरातले जीवाश्म गोळा केले होते. अंटार्क्टिका आणि भारत एके काळी एकाच भूखंडाचे भाग होते, आणि त्या भूखंडाला नाव मिळाले ते आपल्या गोंडवनावरून. तेव्हा ती सफर अगदीच निष्फळ ठरली, असे म्हणवत नाही. पण १६ किलोंचे ते ओझे पाच कुटुंबांच्या दुःखाशी तोलण्याचा तराजू आमच्याजवळ नाही.

या साऱ्यात आमचे मन सर्वांत अधिक रेंगाळते ते अॅप्सली चेरी-गॅरार्ड यांच्यापाशी. २६ वर्षांचा हा तरुण, डोळ्यांनी अधू. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कुत्र्यांच्या गाड्या घेऊन तो 'वन टन'ला पोहोचला आणि १० मार्चपर्यंत थांबला. कुत्र्यांना खाऊ घालायला तेथे काही नव्हते, त्यांना धोक्यात घालू नये असा स्कॉट यांचाच आदेश होता, हवा खराब होती. तो परत फिरला. स्कॉट तेव्हा साठ-सत्तर मैल दक्षिणेला होते. त्याने आज्ञा पाळली होती, कोणी त्याला दोषी धरले नाही. तरी १९५९ मध्ये मरेपर्यंत त्या काही दिवसांनी त्याला सोडले नाही. मनाच्या आजाराने तो वारंवार खचत असे. १९२२ मध्ये त्याने या सफरीवर ग्रंथ लिहिला, तो आजही वाचला जातो. चूक केलेल्या माणसाला कबुलीजबाबाच्या साक्रामेंतात क्षमा मिळते. ज्याने चूक केलीच नाही, पण ज्याच्या हातून वाचवणे घडले नाही, त्याने कोठे जावे? अपघातानंतर, बुडण्याच्या घटनेनंतर, मागे राहिलेले असे लोक आम्हाला भेटत आले आहेत. त्यांच्यापुढे शास्त्र सांगण्यापेक्षा गप्प बसून ऐकणेच आम्हाला अधिक योग्य वाटत आले आहे.

डॉ. विल्सन यांनी त्या शेवटच्या तंबूतून ओट्स यांच्या आईला एक पत्र लिहिले. तुमचा मुलगा शिपायासारखा गेला, कोणतीही कुरकुर त्याने केली नाही, असे त्यांनी कळवले. त्याला खंत होती ती एवढीच की, आईला शेवटचे पत्र लिहायचे राहून गेले. पण थंडी फार होती, आणि लिहिणे आम्ही सगळेच पुढे ढकलत राहिलो, असेही त्यांनी त्यात म्हटले होते.