हुकमाच्या खोल्या

लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर, हॉर्स गार्ड्सच्या समोर, पोर्टलंडच्या फिकट दगडातली एक अवाढव्य इमारत आहे. १९०६ साली ती बांधून पुरी झाली. सुमारे १,१०० खोल्या आणि सगळे मिळून चार किलोमीटर भरतील एवढे व्हरांडे. हे होते ब्रिटनचे युद्धखाते. युद्धमंत्री म्हणून किचनर इथे बसला, लॉइड जॉर्ज बसला, १९१९ ते १९२१ या काळात चर्चिल बसला. सप्टेंबर २०२३पासून इथे रॅफल्स हे हॉटेल आहे. १२० खोल्या, शिवाय विक्रीसाठी ८५ आलिशान सदनिका. उघडले तेव्हा एका रात्रीचे भाडे हजार पौंडांच्या घरात होते.

२०१४ साली ब्रिटिश सरकारने ही वास्तू २५० वर्षांच्या कराराने देऊन टाकली, ३५ कोटी पौंडांहून अधिक किमतीला. घेणारे होते स्पॅनिश भागीदारासह हिंदुजा. मूळचे सिंधमधल्या शिकारपूरचे आणि मुंबईत वाढलेले हे घराणे आपल्याला माहीमच्या रुग्णालयामुळे ठाऊक असते.

जुन्या सरकारी वास्तूचे हॉटेल झाले की हळहळणारे पुष्कळ असतात. मी त्यांच्यातला नाही. सांभाळायला पैसा लागतो, आणि तो कोणीतरी द्यावा लागतो. मुंबईत काळा घोड्याजवळचे वॉटसन्स हॉटेल आठवा. ओतीव लोखंडाची ती इमारत, जिथे १८९६ साली ल्युमिएर बंधूंची चित्रे भारतात पहिल्यांदा हलली. तिचे हॉटेलपण गेले, पुढे भाडेकरू राहिले, आणि ती डोळ्यांदेखत मोडकळीला आली. व्हाइटहॉलमध्ये मात्र मोझेकच्या फरशा कारागिरांनी हाताने दुरुस्त केल्या, मंत्र्यांच्या दालनातले ओकचे लाकूड पुन्हा उजळले. हे काम चांगले झाले आहे, ते मनापासून मान्य करावे.

माझी अस्वस्थता आठवणींबद्दल आहे. हॉटेल इतिहास जपते तेव्हा तो पाहुण्याला सुखावेल असाच जपते. इथल्या जाहिरातीत चर्चिल असतो, जुना युद्धमंत्री हॉल्डेन असतो, दुसऱ्या महायुद्धातल्या शूर हेर स्त्रिया असतात. हुकूम देणारे आणि रहस्ये बाळगणारे. ज्यांच्यावर हुकूम सुटत, ती माणसे या वास्तूत कधी राहिलीच नव्हती, म्हणून त्यांच्या नावाची खोलीही निघत नाही.

ती माणसे कोण? १९१५ साली मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंडच्या हाताखाली लढत होती ती सहावी डिव्हिजन, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या वाटेवर माघार घ्यावी लागली आणि डिसेंबरात ही फौज टायग्रिसकाठच्या कूत गावात अडकली. तुर्कांचा वेढा १४७ दिवस चालला. धान्य सरत आले तेव्हा घोडे कापले गेले. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडाला लावले नाही, आणि उपासाने, स्कर्व्हीने ते खंगत गेले. चढाईचा निर्णय युद्धखात्याचा नव्हता, तो हिंदुस्थान सरकारचा आणि लंडनच्या मंत्रिमंडळाचा. खुद्द किचनर साशंक होता. पण फेब्रुवारी १९१६मध्ये मोहिमेची सूत्रे युद्धखात्याकडे आली. पुढे किचनरच्या संमतीने तुर्कांना वेढा उठवण्यासाठी दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले गेले. बोलणी करायला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्सही होता. तुर्कांनी नकार दिला. २९ एप्रिलला सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. वाळवंटातून चालवत नेलेल्या त्या कैद्यांपैकी हजारो परतले नाहीत.

या मोहिमेत कामी आलेल्यांच्या बसऱ्यातल्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. याबद्दल कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने २०२१मध्ये माफी मागितली, तोवर त्यांची नातवंडेही म्हातारी झाली होती. आपल्याकडे स्मरण राहिले ते गावांत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे, आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द आजही लागतो.

इमारत आता भारतीय वंशाच्या घराण्याकडे आहे, म्हणून हे मागणे करायचे धाडस होते. काळ उलटला आहे, त्याचा आनंदही आहे. पण हुकमाच्या खोल्यांत पाहुणा म्हणून झोपण्याइतकाच हा उलट प्रवास राहू नये. त्या व्हरांड्यांतली एखादी भिंत पुणे डिव्हिजनला मिळावी. तिच्यावर आकडे नकोत, नावे हवीत. शिपायाचे नाव, पलटण, गाव. ही नावे शोधायला कोठून सुरुवात करावी हेही अवघड नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे.