‘दिग्नुस’ : योग्य कोण?



ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी आपण प्रत्येक मिस्सामध्ये कबूल करतो, की प्रभूने आपल्या घरी यावे इतकी आपली योग्यता नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेला वाट करून दिली, त्यापूर्वी ही प्रार्थना लॅटिनमध्ये होत असे. तिच्यातील ‘योग्य’ या अर्थाचे विशेषण म्हणजे ‘दिग्नुस’. मूळ अर्थ शोभणारा, साजेसा. आपण सहज वापरतो तो ‘डीसेंट’ शब्दही याच कुळातला.

मराठीत चांगला, चांगली, चांगले होते, तसे लॅटिनमध्ये दिग्नुस, दिग्ना, दिग्नुम. मग स्त्रियांनी ‘दिग्ना’ म्हणायला नको का? परंपरेने सर्वांच्या तोंडी ‘दिग्नुस’च राहिले, कारण हे शब्द कफर्णहूमच्या शताधिपतीचे आहेत (मत्तय ८:५-१३). त्याने ते आपल्या आजारी चाकरासाठी प्रभूला विनवताना उच्चारले.

रोझरीच्या अखेरीस हेच विशेषण अनेकवचनात येते, ‘दिग्नी’. ख्रिस्ताच्या वचनांना आम्हांला पात्र कर, असे आपण मागतो. अपात्रता एकेकट्याने कबूल करायची. पात्रता मात्र सर्वांनी मिळून मागायची.

मात्र प्रभूपुढे नम्र होणे वेगळे आणि दुसऱ्याची लायकी काढणे वेगळे. कुडपणचे डोंगर उतरून पोलादपूरमार्गे महाडला गेले, की चवदार तळे लागते. नगरपालिकेने ते १९२४ मध्ये सर्वांना खुले केले, तरी दलितांना तेथे पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. प्रश्न तहानेपेक्षा मोठा होता : माणूस माणसाला अयोग्य ठरवू शकतो का?

‘दिग्नुस’पासूनच ‘दिग्नितास’, म्हणजे प्रतिष्ठा, हा शब्द झाला. ‘दिग्नितास इन्फिनिता’ या २०२४ च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने स्पष्ट सांगितले, की प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा अमर्याद आहे. कोणत्याही परिस्थितीत ती नष्ट होत नाही.

आपल्या मराठीत ‘पात्र’ म्हणजे योग्य आणि ‘पात्र’ म्हणजे भांडेही. भांडे रिकामे असले तरच त्यात काही भरता येते. म्हणून, ‘मी कसला योग्य!’ म्हणून कित्येक रविवार मागच्या बाकावर थांबणाऱ्यांनी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा आणि पुढे यावे. आणि मिस्साहून घरी परतताना आपण सर्वांनी स्वतःला विचारावे : आपल्या उंबरठ्याबाहेर आपण कोणाला उभे ठेवले आहे?