गाडी आपली, हक्क दुसऱ्याचा

नवी गाडी दारात आली की घरात सण साजरा होतो. कुणी शेजाऱ्यांना पेढे वाटतो, कुणी हार घालतो, कुणी मागच्या काचेवर 'माशाअल्लाह' लिहून घेतो. पहिले काही महिने गाडीवर धूळ बसू दिली जात नाही. पुढे कौतुक ओसरते, पण पुसणे चालू राहते. रविवारी सकाळी कुठल्याही सोसायटीच्या आवारात पाहा: पाइप सुटलेला असतो, फेस वाहत असतो आणि मालक गाडीभोवती फिरून डाग शोधत असतो. याला आपण गाडीची निगा राखणे म्हणतो. बॉनेट मात्र सहा महिन्यांतून एकदा उघडते, आणि तेही मिस्त्रीच्या हातून.

जे दिसते ते पुसायचे आणि जे दिसत नाही ते 'चालतंय तोवर चालू द्या' म्हणून सोडून द्यायचे, ही सवय केवळ आळसाची आहे का? की तिच्यात काही नैतिक उणीव आहे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. गाडी आपली, पैसे आपले, मग तिचे ऑइल बदलायचे की नाही यात नीतीचा संबंध काय, असे कुणीही विचारील. माझ्या मते संबंध आहे आणि तो जवळचा आहे.

आधी 'गाडी आपली' हा मुद्दा तपासून पाहू. आपल्या घड्याळाला किल्ली दिली नाही तर आपल्यालाच उशीर होतो. घराला रंग दिला नाही तर आपलेच घर भकास दिसते. अशा वस्तूंची हेळसांड करण्याची मोकळीक माणसाला असू शकते. पण हजारभर किलोचे लोखंड ताशी साठ किलोमीटर वेगाने सार्वजनिक रस्त्यावरून नेणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या रस्त्यावर शाळेतून परतणारी मुले आहेत, भाजीची टोपली घेऊन निघालेली बाई आहे, सायकलवरचा म्हातारा आहे. आपली गाडी त्यांनी कधी पाहिलेली नाही. तिचे ब्रेक कसे आहेत हे त्यांना ठाऊक नाही. तरीही ते रस्ता ओलांडतात, कारण समोरून येणारा थांबेल आणि थांबू शकेल, असे ते गृहीत धरतात. थांबण्याची इच्छा ही चालकाच्या स्वभावाची बाब झाली. थांबण्याची क्षमता मात्र देखभालीतून येते.

पूर्वी टांगा होता. घोड्याचा नाल सैल झाला की घोडा लंगडायचा, खांद्याला जखम झाली की अंग चोरायचा. टांगेवाल्याचे घोड्याप्रति कर्तव्य होते, कारण घोड्याला वेदना होती. मोटारीला वेदना नाही. तिचे ऑइल काळे पडले म्हणून तिला दुःख होत नाही. म्हणजे तिच्याप्रति आपले कुठलेही कर्तव्य नाही, हे मान्य करायला हवे. मग कर्तव्य कुणाप्रति? उत्तर एकच उरते: त्या अनोळखी माणसाप्रति. घोडा स्वतःसाठी तक्रार करीत असे. मोटारीच्या बाबतीत ज्याचे नुकसान होणार आहे त्याला तक्रार करण्याची संधीच मिळत नाही.

ब्रेक ऑइलचेच उदाहरण घ्या. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, अशी अपेक्षा असते. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. शहरात फरक जाणवत नाही. पण रत्नागिरीकडे आंबा घाट उतरताना माणूस सतत ब्रेक दाबत राहिला की चाकाजवळ प्रचंड उष्णता निर्माण होते. ऑइल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल थेट तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, एवढाच उपाय आहे. बदलण्याचा खर्च दोन सीट कव्हरांपेक्षा कमी असतो. पण जुने ऑइल बाहेरून कुणाला दिसत नाही, फाटलेले सीट कव्हर पाहुण्यांना दिसते.

टायरचेही तसेच. मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. टायर झिजून त्याच्या पातळीला आला की टायर संपला असे समजायचे. हे पाहायला मिस्त्री लागत नाही, डोळे लागतात. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. सिमेंटच्या त्या रस्त्यावर भर उन्हात सलग वेगाने धावताना टायर फुटू लागले, तेव्हा २०२३ साली परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासावे लागले आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. आपल्याच गाडीचा टायर आपण पाहावा म्हणून सरकारी माणूस उभा करावा लागला, हे आपल्या नागरिकत्वाचे फार चांगले प्रमाणपत्र नव्हे.

'मला माहीतच नव्हते' हा यावरचा नेहमीचा खुलासा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १९० या बाबतीत विचार करण्यासारखे आहे. धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा त्यात दोषी ठरतो. तो दोष त्याला ठाऊक असला तर, आणि साधी काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता, अशा वेळीही. म्हणजे अज्ञानाचे दोन प्रकार कायद्याने वेगळे केले आहेत. जे कळणे शक्यच नव्हते ते अज्ञान, आणि जे आपण पाहिले नाही म्हणून राहिले ते अज्ञान. दुसऱ्या प्रकारचे अज्ञान आपण स्वतः निवडलेले असते. शिवाय ते कलम गाडी चालवणाऱ्यापुरते थांबत नाही, चालवू देणाऱ्यालाही लागू होते. ब्रेकची तक्रार करणाऱ्या ड्रायव्हरला 'आजची फेरी मार, उद्या बघू' असे सांगणाऱ्या टेम्पोमालकाने हे लक्षात ठेवावे.

थॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाचा 'मॉरल लक' म्हणजे नैतिक नशिबावरचा निबंध १९७९ च्या त्याच्या 'मॉर्टल क्वेश्चन्स' या पुस्तकात आहे. त्यात त्याने नेमके ब्रेकचेच उदाहरण घेतले आहे. एका ट्रकचालकाने ब्रेक तपासून घेतले नाहीत आणि अचानक एक मूल रस्त्यात आले. त्या मुलाच्या मृत्यूसाठी तो स्वतःला दोष देईल. पण असा निष्काळजीपणा करणारे इतरही असतात. त्यांच्या वाटेत मूल आले नाही, एवढेच. त्यांना कुणी काही म्हणत नाही, तेही स्वतःला काही म्हणत नाहीत. मग दोघांच्या वागण्यात फरक कोणता होता? केवळ नशिबाचा.

हा प्रश्न आपल्याला सोडत नाही, कारण आपल्यापैकी बहुतेक जण त्या दुसऱ्या गटातले असतात. मला वाटते, चूक दोघांची सारखीच आहे आणि ती रस्त्यावर घडत नाही. ती त्या दिवशी घडते, ज्या दिवशी मिस्त्री म्हणतो, 'साहेब, ब्रेक लायनर संपत आलेत,' आणि मालक म्हणतो, 'पुढच्या महिन्यात बघू. सध्या फक्त पॉलिश करून द्या.' त्या क्षणी त्याने दुसऱ्याच्या जिवावर जुगार खेळलेला असतो. जुगार जिंकला म्हणून तो हलाल होत नाही.

आपल्या परंपरेत हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क, ही कल्पना आहे. माणसाचा हक्क मारला तर त्याची माफी त्या माणसाकडेच मागावी लागते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रस्त्यावरच्या माणसाचा हक्क यात एक नवी अडचण उभी करतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. तो आज भेटेल की कधीच भेटणार नाही, तेही ठाऊक नाही. ज्याच्याकडे माफी मागायची तो कदाचित माफ करायला उरणारही नाही. म्हणून हा हक्क आगाऊच फेडावा लागतो: टायरमध्ये हवा भरून, दिवे तपासून, ब्रेक पाहून. तो फेडल्याचे कुणाला कळत नाही, आणि न झालेल्या अपघाताबद्दल कुणी आभार मानायला येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. यांतले बहुसंख्य मृत्यू गाडीतल्या बिघाडाने झालेले नाहीत. बेफाम वेग हे त्याहून कितीतरी मोठे कारण आहे. मग बिघाडाचा एवढा विचार कशाला? एवढ्यासाठी की वेग हा क्षणाचा मोह असतो, देखभाल ही शांतपणे, घरी बसून करायची निवड असते. मोहात पाय घसरला असे म्हणता येते. निवांत वेळ असताना जे टाळले त्याला सबब नाही. आणि वेगात असलेल्या माणसालाही शेवटी वाचवायचे ते त्याच ब्रेकने आणि त्याच टायरने.

दुसरा आक्षेप गरिबीचा. तो उडवून लावता येणार नाही. आपल्या समाजात रिक्षा, टेम्पो, ट्रक चालवून घर चालवणारे पुष्कळ आहेत, आणि हप्ता, मुलांची फी, घरभाडे यांतून टायरसाठी पैसे उरत नाहीत हे खरे आहे. पण कायदा यांनाच अधिक तपासतो. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग करावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची होते. मधल्या काळात पीयूसी लागते, पण तिथे फक्त धूर पाहतात. ब्रेक कुणी पाहत नाही. इंग्लंडमध्ये तीन वर्षांची झालेली खासगी मोटारही दरवर्षी तपासणीला न्यावी लागते. आपल्याकडे रिक्षावाल्याच्या इमानावर शंका घेतली जाते आणि मोटारमालकाचे इमान गृहीत धरले जाते. म्हणून ज्याला कुणी तपासत नाही, त्याच्यावरच जास्त जबाबदारी येते.

मिस्त्रीचेही यात स्थान आहे. आपल्या ओळखीपाळखीत गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, पंक्चरचे दुकान चालवणारा कुणीतरी असतोच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांची दुकाने आहेत, तशी प्रत्येक शहरात आहेत. मिस्त्री डुप्लिकेट माल टाकतो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. काही टाकतात. पण डुप्लिकेट माल विकला जातो, कारण काउंटरच्या अलीकडे उभा असलेला माणूस 'त्यातल्या त्यात स्वस्त दाखव' म्हणतो. सीटचे कापड स्वस्त चालेल. ब्रेक पॅड चालणार नाही. 'हा माल मी लावणार नाही' असे म्हणून गिऱ्हाईक घालवणारा मिस्त्री हा माझ्या दृष्टीने मोठा माणूस आहे. त्याचे म्हणणे ऐकणे आणि त्याच्या मेहनतीची मजुरी न घासता देणे ही मालकाची बाजू.

आता पुन्हा धुण्याकडे वळू. स्वच्छता हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे, म्हणून गाडी धुणेही पुण्याचे, असे वाटू शकते. पण जी स्वच्छता आपल्याला शिकवली तिला पाण्याचे माप होते. पैगंबर साहेब एका 'मुद'भर पाण्यात वुजू करीत, अशी हदीसमध्ये नोंद आहे. मुद म्हणजे दोन हातांची ओंजळ भरेल एवढे माप, लिटरभराहून कमी. नमाजपूर्वीच्या शुद्धीला इतके पाणी पुरत असेल, तर पत्र्याच्या शुद्धीला सुटलेला पाइप कशाला? एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर गेले. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजार रुपये दंड लावावा लागला. पाइपाखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते ते एकदा पाहा आणि पाइप जितका वेळ सोडता त्याला त्या वेळेने भागा. उरलेले गणित इसराफचे आहे.

गाडी धुऊ नये असे नव्हे. पुढची काच, आरसे, दिवे, नंबरप्लेट स्वच्छ असणे ही सुरक्षिततेची बाब आहे. पावसाळी रात्री धुरकट काचेतून काळ्या बुरख्यातली किंवा गडद कपड्यातली व्यक्ती दिसत नाही. कोकणात खाऱ्या हवेने आणि मडगार्डखाली साचलेल्या चिखलाने पत्रा आतून कुजतो, तिथला चिखल काढलाच पाहिजे. एक बादली, दोन फडकी एवढ्यात हे होते. बदललेले काळे ऑइल मात्र गटारात जाता कामा नये. ते गटार कुणाच्या तरी विहिरीकडे जाते. ते डब्यात भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडेच जाईल असे पाहावे.

आठवड्यातला अर्धा तास यासाठी पुरे आहे. गाडी थंड असताना टायरची हवा पाहावी, स्टेपनीचीही. ऑइलची पट्टी ओढून बघावी, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. घरातल्या कुणाला मागे उभे करून ब्रेकचे दिवे लागतात का ते विचारावे. मुलाला सोबत घ्यावे आणि आपण हे कशासाठी करतो ते त्याला सांगावे. गाडी नवी दिसावी म्हणून नाही; पलीकडच्या फुटपाथवर त्याच्याच वयाचे कुणीतरी उभे असेल, आणि आपण थांबू शकू असे त्याने गृहीत धरले असेल, म्हणून.