अवर्षण सरल्यावर ऋण उरतें काय?

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत पाऊस बहुतेक हिवाळ्यांतच पडतो. २०२० ते २०२२ हीं वर्षें तेथें कोरडीं गेलीं. मग २०२२ च्या डिसेंबरअखेरीपासून समुद्रावरून वादळामागून वादळें आलीं, मातींत ओल उतरली, तलाव भरूं लागले. लोकांस हायसें वाटलें, व त्यांचा आनंद आम्हांस अयोग्य वाटत नाहीं. पण नातवांसाठीं राखावयाचें पाणी जे आधींच उपसून बसले, त्यांचा दोष पावसानें धुतला जातो काय? आमच्या मतें नाहीं. तेथील सॅन होआकिन खोऱ्यांत विहिरींच्या उपशानें १९२५ ते १९७७ पर्यंत एके ठिकाणीं भूमि सुमारें २८ फूट खचली. वरची माती एका हिवाळ्यांत भिजते. खालीं दबलेल्या चिकणमातींत मात्र पूर्वीइतकें पाणी पुन्हा मावत नाहीं, मेघ कितीही बरसोत.