कसा गेला दिवस?

घरात मुलीला विचारलं, "कसा गेला दिवस?" तर उत्तर येतं, "ठीक." त्याच मुलीच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर मात्र तो दिवस सगळा असतो. मुलाखतीत नकार मिळाल्याचं, मैत्रीण दुरावल्याचं, रात्रभर डोळा न लागल्याचं.

आईने ते स्टेटस पाहिलेलं असतं. आईने पाहिलं, हे यादीत मुलीलाही दिसतं. जेवताना दोघी भाजीत मीठ कमी पडल्याचं बोलतात.

या पिढीला खासगी असं काही उरलंच नाही, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. स्टेटस कुणाला दिसू नये, हे ही मुलं फार विचार करून ठरवतात. आत्या, मामा, ऑफिसातले साहेब, एकेक नाव वगळलेलं असतं. इन्स्टाग्रामवर जवळच्या मित्रांची यादी निराळी. लपवायचं त्यांनाही असतं. फक्त कुणापासून, ते बदललं आहे.

तेही तितकंसं नवं नाही. डेक्कन क्वीन 1930 पासून धावते आहे. पुण्याहून मुंबईला पोचेपर्यंत शेजारच्या अनोळखी माणसाला सुनेचं, भावाभावांतल्या वाटणीचं सगळं सांगून मोकळे होणारे प्रवासी कुणी पाहिले नाहीत? नाव विचारायचं तेवढं राहून जातं. जवळच्यांपासून जपलेलं माणसं परक्याला सांगतात, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1908 मध्येच नोंदवून ठेवलं होतं.

समोरच्या माणसाला चेहरा असतो. ऐकता ऐकता तो बदलतो. आईच्या कपाळावर आठी पडते, वडील उपाय सांगू लागतात, आणि बोलणाऱ्यालाच आपलं दुःख बाजूला ठेवून त्यांची समजूत घालावी लागते. फोनच्या पडद्याची समजूत घालावी लागत नाही.

गाडीतला सोबती दादरला उतरून जायचा, एवढा फरक आहे. स्टेटस 24 तासांनी जातं, पण त्याचा स्क्रीनशॉट कुणाकडे राहिला ते कळत नाही. मुलांना हे ठाऊक असतं. तरी त्यांना अवघड वाटतो तो घरातला एक साधा प्रश्न, "मग आता पुढे काय?" आपण तो काळजीपोटीच विचारतो, आणि बहुतेक वेळा त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत.