कोर्दोबा : उसन्या खांबांचे शहर

दक्षिण स्पेनमधील अंदालुसियात, ग्वादलकिविर नदीच्या उजव्या तीरावर कोर्दोबा वसलेले आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यास क्लॉडियस मार्सेलस या रोमन सेनानीने येथे वसाहत स्थापन केली. मागच्या सिएरा मोरेना डोंगरात धातूंच्या खाणी होत्या, पुढे सुपीक खोरे होते आणि माल समुद्राकडे न्यायला नदी होती. पुढे बेतिका या रोमन प्रांताची राजधानी हेच शहर झाले. तत्त्वज्ञ सेनेका आणि त्याचा पुतण्या, कवी लुकान, दोघेही इथलेच. इ.स. ६५ मध्ये सम्राट नीरोच्या हुकमाने दोघांनाही स्वतःचा जीव घ्यावा लागला. रोमन काळाची आठवण म्हणून नदीवरचा सोळा कमानींचा पूल दाखवला जातो, पण त्याची इतक्या वेळा फेरबांधणी झाली आहे की मूळचे रोमन त्यात थोडेच उरले आहे.

शहराची खरी ओळख मात्र पुलाच्या पलीकडे दिसणाऱ्या वास्तूत आहे. ७५० मध्ये दमास्कसच्या उमय्या घराण्याची कत्तल झाली. त्यातून निसटलेला तरुण राजपुत्र अब्द अल-रहमान उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनमध्ये आला आणि ७५६ मध्ये त्याने कोर्दोबात स्वतःचे राज्य स्थापन केले. सुमारे तीन दशकांनी, ७८५ च्या सुमारास, त्याने मोठी मशीद बांधायला घेतली. गवंड्यांपुढची अडचण साधी होती. पडक्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले खांब वेगवेगळ्या दगडांचे आणि कमीजास्त उंचीचे होते, शिवाय एवढ्या विस्तीर्ण दालनाच्या मानाने बुटकेही. त्यावर सरळ छत टाकले असते तर आत अंधारे, दडपणारे तळघर तयार झाले असते. म्हणून खांबांवर दगडी स्तंभ चढवून कमानींचे दोन मजले केले गेले. खालची नालाकृती कमान खांबांना एकमेकांशी बांधून धरते आणि वरची अर्धवर्तुळाकार कमान छताचा भार पेलते. दोन्हींत लाल विटा आणि पांढरा दगड आलटून पालटून बसवले आहेत. मेरिदा येथील रोमन जलसेतूत वीट आणि दगड असेच एकाआड एक येतात, आणि कल्पना तिथूनच सुचली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या कमानींना आज इस्लामी स्थापत्याची खूण समजले जाते, त्यांच्याखाली रोमन खांब आहेत.

पुढच्या दोन शतकांत मशीद तीनदा वाढली. दुसऱ्या अल-हकमने ९६० च्या दशकात घातलेली भर सर्वांत देखणी. तिथल्या मिहराबाच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, सोनेरी कुट्टिमचित्रांसाठी काचेचे तुकडे बायझँटाइन सम्राटाने पाठवले होते. शेवटची भर अल-मन्सूर या सत्ताधीश वजिराची. दक्षिणेला नदी असल्याने त्याने पूर्वेकडे विस्तार केला, आणि मिहराब कायमचा मध्यापासून ढळला. त्याच्या कमानी पूर्ण दगडी आहेत, लाल पट्टे नुसते रंगवलेले आहेत. घाई आणि काटकसर दोन्ही तिथे उघड दिसतात. आज आत ८५६ खांब उभे आहेत.

२९ जून १२३६ रोजी कॅस्टिलचा राजा तिसरा फर्नांडो याने शहर घेतले आणि मशिदीचे कॅथेड्रल झाले. सेव्हिलमधील मोठी मशीद ख्रिस्ती सत्तेने पुढे पाडली. कोर्दोबातली मात्र जवळपास तीन शतके किरकोळ फेरफारांसह तशीच वापरात राहिली. १५२३ मध्ये बिशप आलोन्सो मानरिके यांनी मधोमध नवे गर्भदालन उभारायचे ठरवले, तेव्हा नगरपरिषदेने पाडकामाला हात लावणाऱ्यास देहदंडाची धमकी दिली. हा विरोध करणारे ख्रिस्तीच होते, हे विशेष. सम्राट पाचव्या कार्लने बिशपची बाजू घेतली आणि १६०७ पर्यंत चाललेल्या बांधकामातून खांबांच्या वनात एक उंच कॅथेड्रल उगवले. ते काम पाहून सम्राट हळहळला, ही गोष्ट बहुधा दंतकथाच असावी. हे कॅथेड्रल मशिदीवरचा घाव आहे, यात शंका नाही. पण चर्च म्हणून रोजच्या वापरात राहिल्यामुळेच मशीद टिकली, हेही नाकारता येत नाही.

दहाव्या शतकात कोर्दोबा पश्चिम युरोपातले सर्वांत मोठे शहर मानले जाई. ९२९ मध्ये तिसऱ्या अब्द अल-रहमानने स्वतःला खलिफा जाहीर केले आणि काही वर्षांतच शहराबाहेर मदिना अल-झहरा ही राजनगरी उभारायला घेतली. यादवीत ती लुटली गेली; शतकही पुरे न होता तिचे अवशेष झाले. अल-हकमच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते, असे अरबी इतिवृत्ते सांगतात. आकडा फुगवलेला असेल, ग्रंथप्रेम खरे होते. याच काळातल्या अल-झहरावीच्या तीस भागांच्या वैद्यकग्रंथातील शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे पुढे लॅटिनमधून युरोपभर गेली. त्याच ग्रंथालयातील तत्त्वज्ञान आणि ज्योतिषाची पुस्तके अल-मन्सूरने धर्मपंडितांना खूश करण्यासाठी जाळली.

या काळाला मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू यांच्या सहजीवनाचे सुवर्णयुग म्हणण्याची प्रथा पडली आहे. विसाव्या शतकात अमेरिको कास्त्रो या इतिहासकारामुळे ही मांडणी गाजली, आणि पर्यटनाने ती उचलून धरली. तिच्यात तथ्य आहे. हसदाई इब्न शप्रुत हा ज्यू वैद्य खलिफाच्या दरबारात मोठा अधिकारी होता. पण बिगरमुसलमानांना वेगळा कर होता, दर्जा दुय्यम होता, आणि ८५० च्या दशकात इस्लामची उघड निंदा केल्याबद्दल सुमारे पन्नास ख्रिस्ती लोकांना मृत्युदंड दिला गेला. शहराच्या दोन थोर पुत्रांचे चरित्र तर या कथेच्या उलटच जाते. अ‍ॅरिस्टॉटलचा भाष्यकार इब्न रुश्द ११२६ मध्ये येथे जन्मला. ११९५ मध्ये त्याला जवळच्या लुसेनात हद्दपार करून त्याचे ग्रंथ जाळले गेले. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीसच्या कुटुंबाला तो लहान असतानाच, अल्मोहाद घराण्याची कडवी मुस्लिम राजवट आल्यावर, शहर सोडावे लागले. त्याची कीर्ती झाली ती इजिप्तमध्ये. दोघांचेही पुतळे आज शहरात आहेत. मायमोनिडीसच्या पुतळ्याचा पाय पर्यटकांच्या हातांनी घासून चकचकीत झाला आहे.

ख्रिस्ती राजवटीत ज्यूंचे हाल वाढले. १३९१ च्या दंगलीत त्यांची वस्ती उद्ध्वस्त झाली, १४९२ मध्ये ते स्पेनमधूनच हाकलले गेले. १३१५ चे छोटे सिनेगॉग वाचले, कारण त्याचे रुग्णालय झाले आणि नंतर चांभारांच्या संघाचे प्रार्थनाघर. एकोणिसाव्या शतकात भिंतीचा गिलावा निघाला, तेव्हा खालचे हिब्रू लेख दिसले.

जुने वाद अजून विझलेले नाहीत. २००६ मध्ये बिशपच्या कार्यालयाने सुमारे ३० युरो भरून संपूर्ण वास्तू चर्चच्या नावावर नोंदवली. माहितीपत्रकांतून ‘मशीद’ हा शब्द गळू लागल्यावर आणखी गदारोळ झाला. मशिदीखाली व्हिसिगॉथ चर्च होते की नाही, यावर पुरातत्त्वज्ञ भांडतात ते निव्वळ विद्येपोटी नव्हे. सर्वांत खालचा थर ज्याचा, जागा त्याची, असा हिशेब त्यामागे असतो. आत मुसलमानांना नमाजाची परवानगी नाही. कवी इक्बाल यांना मात्र १९३३ च्या भेटीत ती मिळाली होती. त्या भेटीतून त्यांची याच मशिदीवरची प्रसिद्ध उर्दू कविता जन्मली.

पर्यटकाला मशीद एवढेच कोर्दोबा वाटू नये म्हणून शहर मे महिन्यात आपले अंगण उघडते. जाड भिंतींच्या, चुन्याने रंगवलेल्या घरांच्या मधोमध विहीर किंवा कारंजे असलेला चौक असतो. पुण्याच्या वाड्यासारखीच इथेही पूर्वी अनेक बिऱ्हाडे एका चौकाभोवती नांदत. भिंतींवर शेकडो कुंड्या टांगलेल्या असतात, आणि वरच्या कुंड्यांना लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या डब्याने पाणी घालतात. चौकांची पहिली स्पर्धा १९२१ मध्ये झाली. २०१२ मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. मशिदीला जागतिक वारशाचा मान १९८४ मध्ये मिळाला होता, मदिना अल-झहराला २०१८ मध्ये. सान बासिलिओ वस्तीतले चौक विशेष प्रसिद्ध आहेत, पण जुनी घरे पर्यटकांच्या निवासासाठी जाऊ लागल्याने ते सांभाळणारी माणसे कमी होत चालली आहेत.

जेवणात साल्मोरेहो हवेच. टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटून केलेले हे दाट, थंडगार सार उकडलेले अंडे आणि खारवलेले डुकराचे मांस वर घालून देतात. सोबत मोंतिया-मोरिलेस भागातली वाइन असते. १९९२ पासून माद्रिद-सेव्हिल वेगवान रेल्वे येथे थांबते आणि माद्रिदहून पावणेदोन तासांच्या आसपास पोहोचवते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत दुपारी रस्ते ओस पडतात आणि शहर रात्री जागे होते. सवडीने पाहायचे असेल तर मार्च, एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा.