दंड किती आणि कशाचा

कायदा मोडणाऱ्या उद्योगाला गुन्हेगार न ठरवता त्याच्याकडून वसूल करून सरकारजमा केली जाणारी रक्कम म्हणजे दिवाणी दंड. ती नुकसानभरपाई नसते. नियम मोडणे परवडू नये, एवढाच तिचा हेतू. स्पर्धा कायद्यातील दंडाची चर्चा सध्या मात्र ‘जागतिक उलाढालीच्या १० टक्के’ या एकाच मापाभोवती फिरते. ॲपलने २०२५ मध्ये या तरतुदीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा ३८ अब्ज डॉलरच्या संभाव्य दंडाचे मथळे झाले. हा आकडा कमाल मर्यादेचा आहे. तोच दंड म्हणून मांडला, की दंडाचे माप कसे ठरावे हा खरा प्रश्न झाकला जातो.

१९६९ च्या एमआरटीपी (मक्तेदारी आणि प्रतिबंधक व्यापारी प्रथा) कायद्यात आयोगाचे मुख्य हत्यार होते गैरप्रथा थांबवण्याचा आदेश. पकडले जाईपर्यंतचा नफा उद्योगाकडेच राही. स्पर्धा धोरणावरील राघवन समितीच्या अहवालानंतर २००२ चा स्पर्धा कायदा आला आणि त्याच्या मुख्य तरतुदी २००९ मध्ये लागू झाल्या. दरम्यान २००६ मध्ये श्रीराम म्युच्युअल फंड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी दंडासाठी हेतू सिद्ध करण्याची गरज नसल्याचे सांगितले. नव्या कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होता. संगनमत असेल, तर ते चालले त्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत.

ही उलाढाल कोणती, हे कायद्याने स्पष्ट केले नव्हते. धान्याची कीड मारणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी भारतीय अन्न महामंडळाने २००९ मध्ये निविदा मागवल्या. त्यांत कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये असा एकच दर भरला. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये एकूण उलाढालीच्या ९ टक्के दंड लावला. अपिलीय न्यायाधिकरणाने तो फक्त या गोळ्यांच्या उलाढालीवर मोजला. एक्सेल क्रॉप केअरचा सुमारे ६४ कोटींचा दंड २.९२ कोटींवर आला, युनायटेड फॉस्फरसचा २५२ कोटींचा सुमारे सात कोटींवर. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘संबंधित उलाढाली’ची ही मोजणी मान्य केली.

तेव्हापासून या निकालाकडे उद्योगांना दिलेली सवलत म्हणून पाहिले जाते आणि उलाढाल म्हणजे जागतिक उलाढाल असे ठरवणाऱ्या २०२३ च्या दुरुस्तीकडे संसदेने केलेली भरपाई म्हणून. हे वाचन चुकीचे आहे. न्यायालयाने आधार योग्य निवडला होता. एकाच बाजारात सारखाच अपराध करणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एकीचे इतर दहा धंदे आहेत, एवढ्यावरून तिचा दंड कित्येक पटींनी वाढणे न्याय्य नाही. उणीव राहिली ती टक्क्यात. आधार आकुंचन पावला आणि कमाल टक्का तिथेच राहिला. संगनमताने किंमत १० टक्के चढवली आणि दंडही त्याच विक्रीच्या १० टक्क्यांवर थांबला, तर पकडले गेल्यावर जेमतेम मिळवलेलेच परत जाते. प्रत्येक संगनमत पकडले जात नाही. म्हणजे हिशेबाने ते फायद्याचेच ठरते.

खरी दुरुस्ती झाली ती आयोगाच्या मार्च २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत. त्यांनुसार आयोग संबंधित उलाढालीपासूनच सुरुवात करतो, पण तिच्या ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. जागतिक उलाढाल मुख्यतः वरची मर्यादा आखते आणि संबंधित उलाढाल ठरवता येत नसेल तेव्हाच आधार म्हणून येते. म्हणजे २०१७ चे तत्त्व टिकले आणि त्याला न मिळालेला टक्का मिळाला.

ग्राहक कायदा या वाटेवर आलेला नाही. २०१९ च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी दंडाचा अधिकार दिला. दंड ठरवताना बाधित लोकसंख्या, कालावधी आणि त्या जाहिरातीतून झालेली विक्री पाहावी, असेही कायदा सांगतो. पण कमाल मर्यादा पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाख. २०२५ मध्ये ‘पाच मिनिटांत ऑटो’ अशी हमी देणाऱ्या रॅपिडोला १० लाखांचा दंड झाला. जाहिरात शंभराहून अधिक शहरांत चालली होती. प्राधिकरणाने उपलब्ध अधिकार पूर्ण वापरला, आणि तरी एवढ्या मोठ्या मोहिमेसमोर ही रक्कम जाहिरात-खर्चाच्या एखाद्या ओळीत सामावते.

विक्री पाहायला सांगणारा आणि विक्रीपर्यंत पोहोचू न देणारा कायदा स्वतःच्याच हेतूला छेद देतो. ग्राहक कायद्यातही दंड संबंधित विक्रीच्या टक्क्यात मोजावा, आणि तो टक्का न पकडल्या जाणाऱ्या प्रकरणांचा हिशेब धरून ठरावा. आधार अपराधाचा आणि टक्का धाकाचा, ही मोजणी स्पर्धा कायद्याला साधायला पंधरा वर्षे लागली. ग्राहकासाठी ती नव्याने शोधण्याची गरज नाही.